प्रेसमधलं चामडं

मंडळी, आज सकाळी जालन्यातल्या आमच्या जिनिंगमधला, रुईच्या गाठी दाबायचा पाण्याच्या जोरावर चालणारा प्रेस अर्ध्यातच थांबला. फाटकाबाहेर मंठ्याकडच्या कापसाच्या बैलगाड्या खोळंबल्या. पंप बराबर होता. मी प्रेस खोलला तर आतला वायसर, म्हंजे पाण्याचा दाब धरणारी चकती, फाटल्ता अन् दाब तिथूनच सुटून राह्यला होता.

आमचे शेठ मारवाडी जैन. चामड्याची चप्पलसुद्धा घालत न्हाईत, पण रोज सकाळी ह्या प्रेसवर डोकं टेकवतात.

त्यांनी विचारलं, "मिस्त्री, वायसर कशाचा असतो?"

"चामड्याचा."

"सुताचा न्हाई चालणार?"

"चालंल, पण आठ दिवसांत गळंल."

शेठ गाड्यांकडं बघत राहिले. "मंग चामड्याचाच लाव."

दुपारी प्रेस सुरू झाला. शेठनं लांबूनच हात जोडले.

मी तोंडानं नुस्तं 'सुताचा असतो' म्हणलो असतो, तर कुणाचं काय बिघडलं असतं?