पौषात सीटा काढलेली गाडी

पौष महिन्यात आमच्या धंद्याला कुलूप लागायचं. धंदा म्हणजे एक मेटॅडोर आणि तिच्यातून वऱ्हाडं नेणं-आणणं. मार्गशीर्षात नवरदेव घाईत असायचे, माघ लागला की पुन्हा तीच धांदल. मधल्या पौषात मात्र मुहूर्त नाहीत, म्हणून सगळं सामसूम. बौद्ध कुटुंबांत लग्नाला पौष-बिष मानत नसत. तशी एखाददुसरी भाडी झाली की गाडी पंचवटीत आमच्या दारासमोर उभी. क्लीनर पेठकडचा, तो गावी पळायचा. आणि गाडीच्या सीटा उचकटून कुशनवाल्याकडे टाकायच्या, हा दरवर्षीचा शिरस्ता. वर्षभर वऱ्हाडी त्यांच्यावर नुसते बसत नसत, नाचतही असत.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न नुकतंच झालेलं. दोन खोल्यांत आई-वडील, दोन धाकटे भाऊ, एक बहीण आणि आम्ही दोघं. आमच्या वाट्याला स्वयंपाकघरातला पडद्यामागचा कोपरा. पडद्यानं माणूस दिसत नाही, पण साधी कूस बदलली तरी पलीकडे कळतं. त्यामुळे आमचा सगळा संसार कुजबुजत चालायचा. भांडणसुद्धा कुजबुजतच, आणि कुजबुजत भांडून माणसाचं समाधान होत नाही.

बायकोला फार काही नको होतं. कुठेतरी दोघांनीच जायचं आणि मोठ्यानं बोलायचं, एवढंच. हेही तिनं मला कानातच सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

पहिल्या पौषात मी घरात जाहीर केलं, आम्ही भंडारदऱ्याला जाऊन येतो. देवस्थान नाही, थंडीचे दिवस, कोण येतंय! आई म्हणाली, "भंडारदरा? म्हणजे रतनवाडी आलीच की. तिथं महादेवाचं जुनं देऊळ आहे म्हणे." झालं. मामी आली, शेजारच्या काकू आल्या, काकूंची बहीण तिच्या सासूला घेऊन आली. गाडी जातेच आहे तर आम्हीही येतो, असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. कुशनवाल्याला सांगून मी सीटा पुढे ढकलल्या. धरणाच्या काठावर बायकोनं सगळ्या गोतावळ्याला पिठलं-भात करून वाढला आणि काकूंच्या बहिणीच्या सासूचे पायही चेपले. परतीच्या वाटेवर मला संताप आला होता, पण संताप काढायलाही एकांत लागतो.

पुढच्या पौषात युक्ती तिनंच काढली. सीटा काढून हातगाडीवर चढवत होतो, ती दारात तांदूळ निवडत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, आता या गाडीत बसणार कुठे कोणी?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग रिकाम्या गाडीकडे बघितलं. आतली जागा आमच्या कोपऱ्यापेक्षा चांगली ऐसपैस होती.

आईला मी सांगितलं, इंजिनचं काम केलंय, घाटात चालवून बघायला हवी, सापुताऱ्याकडे नेतो. वणीच्या रस्त्यानं जायचं म्हटल्यावर मामीचे कान टवकारले, गडावर दर्शन होईल म्हणून. पण आत डोकावून नुसता पत्रा बघितला आणि कंबर धरून मागे फिरली. आईनं विचारलं, "आणि ही कशाला?"

"घाटात गाडी थांबली तर चाकाला दगड लावायला कोणीतरी लागतं. क्लीनर नाही ना."

आईनं माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि आत गेली. मला वाटलं, बेत बुडाला. ती बाहेर आली ती दोन गोधड्या आणि तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन. "दगड लावताना थंडी वाजेल," म्हणाली. वडिलांनी पेपर तोंडापुढे धरला तो आम्ही निघेपर्यंत खाली घेतला नाही.

दिंडोरी मागे पडेपर्यंत आम्ही सवयीनं हळूच बोलत होतो. मग घाट लागला आणि इंजिनच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकूच जाईना. ती ओरडून बोलायला लागली. दगड लावायची वेळ एकदाही आली नाही.

सापुतारा मी मे महिन्यात पाहिलेला होता. तेव्हा तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते, घोडेवाले अंगावर येतात आणि चहासाठी ताटकळावं लागतं. आता नावा काठावर ओढून पालथ्या घातलेल्या, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, आणि घोडे आपले आपण चरत होते. गवत वाळून पिवळं झालेलं, हवा इतकी स्वच्छ की लांबचे डोंगर एकामागे एक मोजून घ्यावेत. एकाच खानावळीत चूल पेटलेली होती. तिचा मालक आम्हाला बघून चकितच झाला.

"आत्ता काय हाय इथं बघाया?" तो म्हणाला. "सीझनला या."

"सीझनला गर्दी असते," बायको म्हणाली.

त्यानं स्वतःसाठी केलेली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची डाळ आम्हाला वाढली. वर मिरचीचा ठेचा. मेमध्ये तिथं मी छापील मेनूतलं बरंच काही खाल्लं होतं, पण चव आठवते ती या भाकरीची.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या कड्यावर आम्ही दोघंच. मे महिन्यात तिथं सूर्यापेक्षा माणसांची डोकीच जास्त दिसतात. आम्ही सूर्य पार बुडेपर्यंत बसलो, आणि नंतरही कोणी चला म्हणालं नाही म्हणून बसलो. गाडीत आल्यावर तिनं पत्रा झाडला. सीटा होत्या तिथल्या फटींतून हळदीच्या अक्षता निघाल्या, केसातल्या पिना निघाल्या, एका बाळाचा मोजा निघाला. "केवढी लग्नं लागली हो या गाडीत," ती म्हणाली. मग गोधड्या अंथरल्या, इंजिनच्या गरम झाकणाला पाठ टेकली आणि ती बोलत सुटली. माहेरचं, शाळेतलं, माझ्या मामीचं. मामीची नक्कल करताना इतकी खदखदून हसली की मी घाबरून मागे बघितलं. तिचं मोकळं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फार सुख वाटलं.

सकाळी मी रेडिएटरसाठी पाणी आणायला तळ्यावर उतरलो. वर गाडीशी तिनं स्टोव्ह पेटवला होता. डबा भरून उठलो तेवढ्यात वरून मोठ्यानं हाक आली. नावानं. पुढे अहो नाही, मागे राव नाही, नुसतं नाव आणि मग "चहा!"

मी वळून मागे बघितलं, कोणाला बोलावतायत म्हणून. मागे पाणी होतं. माझ्या नावाची सवयच राहिली नव्हती मला. धाकट्यांचा दादा म्हणून आई-वडिलांनाही मी दादाच, आणि वऱ्हाडात "ओ ड्रायव्हर." बायकोनं माझं नाव घेतलं होतं ते लग्नात, उखाण्यात, चार बायकांनी टोचून टोचून घ्यायला लावलं तेव्हा. आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारली तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे.

मी धावतच वर गेलो. निम्मं पाणी पायांवर सांडलं. ती मान खाली घालून, पेटलेल्या स्टोव्हला उगाच पंप मारत होती.

"कोणाला हाक मारलीस?"

"इथं दुसरं कोण आहे?"

"पुन्हा मार ना."

तिनं चहा गाळला, कप माझ्या हातात दिला आणि पदर सारखा केला.

"आता पुढच्या पौषात," ती म्हणाली.