भाऊजींचा भोंगा

जगातल्या झाडून साऱ्या माणसांवर एकाच वेळी संशय घेऊ शकेल असा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की त्याचं शेत आमच्या शेताला लागून आहे. नात्याने ते माझे चुलत दीर. साखरखेर्ड्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. आमचे हे नोकरीपायी मेहकरला असतात, त्यामुळे शेतीचं सगळं मीच बघते, आणि त्यामुळे भाऊजींचा सहवास मला जवळजवळ रोज घडतो. ते घरी आले की चहा घेतात, पण आपल्यासमोर ठेवलेला कप माझ्यापुढे सरकवतात आणि माझा उचलतात. "तसं काही नाही वहिनी, आपली सवय हाये," असं वर म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला फार राग यायचा. पुढे मी जास्त साखरेचा कप आधीच माझ्यापुढे ठेवायला लागले, म्हणजे फिरून तो त्यांनाच जातो. त्यांना चहा गोड लागतो. ही गोष्ट अजून त्यांच्या लक्षात आलेली नाही. आली तर ते चहा सोडतील.

फोन वाजला की ते उचलतात आणि गप्प राहतात. आधी तिकडच्याने बोलावं, मग आपण ठरवावं. मी "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवते, आणि थोड्या वेळाने भाऊजी स्वतः दारात हजर. "वहिनी, आत्ता फोन तुम्हीच केलता ना? आवाज तुमच्यासारखाच होता, म्हणून खात्री कराले आलो." लग्नकार्यात ते पहिल्या पंगतीला कधीच बसत नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून पहिली पंगत जेवताना नीट न्याहाळतात, ती माणसं हात धुऊन पान खायला लागली की मग मांडी घालतात. घराच्या कुलपाला त्यांनी बारीक दोरा बांधलेला असतो. कोणी कुलूप उघडलंच तर दोरा तुटलेला दिसावा ही योजना. एकदा संध्याकाळी तोंड उतरवून आले. "वहिनी, कोनतरी घरात जाऊन आलं. दोरा तुटला." मी म्हटलं, "दुपारी जेवाले तुम्हीच गेलते ना?" त्यावर बराच विचार झाला. "हाव. पन माह्याआधी कोनी गेलं नसन कशावरून?"

लग्न त्यांचं राहिलं तेही याच कारणाने. लोणारकडच्या एका स्थळाची मुलगी त्यांना आवडली होती म्हणतात. पण "आज दाखवली तेच नांदाले येईन कशावरून?" असं त्यांनी मुलीच्या वडिलांना समोरासमोर विचारलं, आणि सोबत गेलेल्या मंडळींना पोह्यांच्या ताटल्या अर्धवट ठेवून उठावं लागलं. त्यानंतर स्थळांनीच त्यांच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. आता पन्नाशी उलटली. घरात ते, एक कुलूप आणि एक दोऱ्याचं रीळ.

अशा माणसाच्या हातात भोंगा आला. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पीक ठेवत नाहीत, म्हणून हल्ली सगळे जण शेतात बॅटरीवरचा भोंगा टांगतात. त्यात कुत्र्याचं भुंकणं, फटाके, वाघाची डरकाळी असे आवाज भरलेले येतात आणि ते दिवसभर एकामागून एक वाजत राहतात. भाऊजींनी भोंगा घेतला, पण वाघावर त्यांचा विश्वास बसेना. "हा वाघ खरा कशावरून? कोन्या पोट्ट्यानं माठात तोंड घालून आवाज काढला असन. रोही काय येडे हायेत?" शेवटी त्यांनी सगळे आवाज पुसून स्वतःचा आवाज भरला आणि भोंगा बांधावरच्या बाभळीला टांगला. दुसऱ्या दिवसापासून सबंध शिवाराला ऐकू यायला लागलं, "कोन हाये बे तिकडे? म्या पाह्यलं तुले! नीघ तिथून! तुह्या बापाचं वावर हाये का?" मग थोडं थांबून पुन्हा तेच.

जनावरांचं माहीत नाही, पण माणसांवर त्याचा फार परिणाम झाला. पायवाटेने जाणाऱ्या बाया पदर सावरून भराभरा चालायला लागल्या. गावात पहिल्यांदाच आलेले एक जावई त्या बाभळीखाली हातातली बोरं टाकून देऊन उभे राहिले होते. आवाजात खोट नव्हतीच. भाऊजींनी जन्मभर मनातल्या मनात जे म्हटलं, ते आता बॅटरीवर चाललं होतं, एवढंच.

त्या सुमारास आमच्या शिवारातून मोठा रस्ता होऊन गेला होता. गाड्या वाऱ्यासारख्या जातात आणि जनावर आडवं येऊ नये म्हणून दोन्ही अंगांनी भिंत आहे. रोह्यांचा कळप पलीकडच्या टेकडीवरून इकडे चरायला यायचा. भिंत पुरी झाली तेव्हा कळप तिकडे राहिला आणि एक रोही इकडे. अंगावर नुकती निळी झाक चढायला लागलेला नर होता. सकाळी तो भिंतीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, पुन्हा यायचा. मला त्याची दया वगैरे काही आली नाही. माझी तूर तो खात होता.

एक दिवस तो भाऊजींच्या बाभळीखाली, ऐन भोंग्याखाली, पाय दुमडून बसलेला दिसला. वरून भोंगा त्याचा बाप काढत होता आणि हा रवंथ करत होता. भाऊजींनी आधी तो बहिरा असल्याचा संशय घेतला. त्याच्या पाठीमागे जाऊन ताटली वाजवली, तर कान फिरले. "बहिरा नाही," भाऊजी म्हणाले, "म्हंजे मुद्दाम करून राह्यला." मग कोणीतरी पाळून, शिकवून तो आपल्या वावरात सोडला असावा, असं त्यांनी ठरवलं. कोणी सोडला याचा अंदाज घेताना ते माझ्याकडेही जरा टक लावून पाहत होते.

मग भोंग्याची बॅटरी उतरली. रोही उठला, थोडा वेळ बाभळीकडे मान वर करून पाहत राहिला आणि पुन्हा भिंतीकडे गेला. बॅटरी भरून लावली तसा परत आला. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा भाऊजींनी मुद्दाम भोंगा बंद करून पाहिला आणि थेट माझ्याकडे आले. घामाघूम झाले होते.

"वहिनी, ते माह्या आवाजापाशी येते."

"सवय झाली असन. गुराढोरालेबी होते."

"सवय नाही. ऐकते ते." मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "माहं आजवर कोनी इतकं ऐकलं नाही."

मी त्यांना बाजरीची भाकरी वाढली. दुसरं काय करणार?

पण गोष्ट तेवढ्यावर थांबेना. रोही खातो म्हणून सगळेच चिडलेले होते, आणि वरच्या वावराचे पाटील तर पेटलेच होते. त्यांनी हरभऱ्याभोवती उघडी तार ओढली आणि गावात सांगून टाकलं, "घाटे भरू द्या. मंग करंट सोडतो. एकदाच काय ते होऊन जाईन." मी म्हटलं, पाटील, त्यात माणूस चिकटन, खडी फोडाले जासान. ते हसले. आमच्याकडे अशा हसण्याचा अर्थ तार निघणार नाही असा असतो. हरभरा फुलावर होता. म्हणजे रोह्याकडे दिवस होते ते फूल गळून घाटा भरेपर्यंतचे. मी हे भाऊजींच्या कानावर घातलं. त्यांनी संशयसुद्धा घेतला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चार-दोन दिवसांत गावात विचित्र तक्रारी सुरू झाल्या. भाऊजींचा भोंगा त्यांच्या बाभळीवर नव्हता, शेजारच्या वावरातल्या बोरीवर होता. त्यानंतर पुढच्या वावरातल्या आंब्यावर. ज्याचा तो आंबा, तो माणूस पाणी द्यायला आपल्या शेतात पाय ठेवतो, तर डोक्यावरून दरडावणी, "कोन हाये बे तिकडे? तुह्या बापाचं वावर हाये का?" तो माणूस तडक माझ्या ओट्यावर आला. "वहिनी, माह्या बापाचंच हाये ना वो! सात-बारा दाखवू का त्या भोंग्याले?" कोणी म्हणालं, भाऊजी जमिनी बळकावणार. कोणी म्हणालं, भोंग्यात कॅमेरा आहे. पाटील म्हणाले, "आपलं वावर राखाले रोही लोकांच्या वावरात हाकून राह्यला, दुसरं काही नाही." हे मलाही पटलं. जन्मभर गावावर संशय घेणाऱ्या माणसावर गावाने एकदिलाने संशय घेतला. भाऊजी कोणालाच उत्तर देईनात. भोंगा मात्र झाडाझाडाने पुढे सरकत होता, आणि त्याच्यामागून रोही.

एका सकाळी नुकतं फटफटलं होतं. मी भिंतीलगतच्या माझ्या दुसऱ्या तुकड्यातल्या तुरीत गेले तर माझ्या निंबावर शिडी आणि शिडीवर भाऊजी.

"भाऊजी, खाली उतरा."

"वहिनी, तुम्ही काही पाह्यलं नाही."

"म्या सगळं पाह्यलं. उतरा, नाही तर शिडी ओढते."

ते उतरले. बराच वेळ शेंड्याकडे, भिंतीकडे, माझ्या विळ्याकडे बघून झालं. मग म्हणाले, "कोनाले सांगसान तर नाही?"

"मले तेवढाच धंदा हाये का?"

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. माझ्या या तुकड्याच्या टोकाला नाला त्या मोठ्या रस्त्याखालून पलीकडे जातो. तिथे पूल आहे. खाली माणूस उभा जाईल एवढी जागा, नाल्याला पाणी नाही. पण वरून गाड्या गडगडतात आणि आत काळोख, म्हणून रोही तिकडे फिरकत नाही. आवाजामागे आला तर जाईल. "हे गावाले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी ठरले. "आवाजानं येते हे कळलं तर कोनीबी भोंगा लावून बोलावन अन् कापून खाईन. आवाज माहा. मले काय वाटन?"

निंब हे शेवटचं झाड होतं. तिथून पुढे भोंगा कामाचा नव्हता, गाड्यांच्या घरघरीत ऐकूच जात नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता भाऊजी पुलाखालून पलीकडे गेले. मी तुरीत उभी राहिले, मागून कोणी येऊ नये, कुत्रं सुटू नये म्हणून. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगायला त्यांची तयारी नव्हती, आणि मलाही ते आदल्या संध्याकाळी दोनदा विचारून गेले होते. रोही निंबाखाली उभा होता. भोंगा बंद. तो भिंतीकडे वळणार तेवढ्यात पुलाच्या त्या तोंडातून आवाज आला.

"कोन हाये बे तिकडे?"

रोह्याचे कान उभे राहिले.

"म्या पाह्यलं तुले! नीघ तिथून!"

त्या जनावराला त्यांची एवढीच वाक्यं माहीत होती, म्हणून भाऊजी तीच म्हणत होते. वरून ट्रक गेला की आवाज बुडायचा, रोही थबकायचा, पुन्हा आवाज वर यायचा. आवाज फाटत चालला होता. "नीघ तिथून! तुह्या बापाचं वावर हाये का?" मी एवढ्या प्रेमाने कोणाला कोणाचा बाप काढताना ऐकलेलं नाही. रोही नाल्यात उतरला. काळोखापाशी थांबला, खुरांनी वाळू उकरली, आणि आत गेला.

भाऊजी बऱ्याच उशिरा परतले. गळा पूर्ण बसला होता. मी विचारलं, "कळपात घेतलं का त्याले?"

"टेकडीवर उभे होते सगळे. हा गेला तं दूर सरकले. लांबूनच हुंगून राह्यले. संशय घेऊन राह्यले." मग समाधानाने मान हलवली. "बराबर हाये. एकदम ठेवू नाही विश्वास."

पाटलांनी घाटे भरल्यावर तार पाहिली, हरभरा पाहिला. खाणारा रोही उरला नव्हता. करंट न सोडताच त्यांनी तार गुंडाळून ठेवली. रोही गेला कुठे, यावर गावात आजही वेगवेगळी मतं आहेत, आणि बहुतेक मतांमध्ये भाऊजींनी तो विकला आहे. ते कोणाचंच मत खोडत नाहीत.

फरक पडला तो त्यांच्या आवाजात. गळा आठवड्यात सुटला, पण भाऊजी शेतात मोठ्याने बोलेनात. बांधावरून मला हाक मारायची तर हातवारे करतात. मी इकडून ओरडून काही विचारलं तर लगबगीने जवळ येतात आणि कुजबुजतात, "हळू वहिनी. वारा तिकडे जाऊन राह्यला." खोकला आला तर उपरणं तोंडावर दाबतात. भोंग्यातला आवाज त्यांनी पुसून टाकला आणि तो घेऊन माझ्याकडे आले. "तुमचा भरून द्या. तुमच्या आवाजाले कोनी जवळ येनार नाही." मी ते कौतुक समजून भरून दिला. आता त्यांच्या बाभळीवरून दिवसभर मी ओरडते, "हाऽऽड! चालता हो! वळून पाह्यलं तर याद राख!" खरंच काही येत नाही. त्यांचं पीक यंदा चांगलं आहे.

परवा ते ओट्यावर बसले होते. दूर शेतात मी ओरडत होते, इथे मी चहा गाळत होते. मी म्हटलं, "भाऊजी, एवढं काय जपता? एकदा मारा हाक मोकळ्या गळ्यानं. आलंच तर पुलाखालून पुन्हा नेऊन घालू."

त्यांनी भिंतीच्या दिशेला पाहिलं. नंतर माझ्याकडे, तेच जुनं, बारीक डोळ्यांचं पाहणं.

"आलं तं नेऊ वो," ते हळूच म्हणाले. "पन नाही आलं तं?"

मी कप ठेवले. त्यांनी आपला माझ्यापुढे सरकवला आणि माझा उचलला. जास्त साखर मी त्यातच घातली होती.