ना धड बकरी, ना धड कोंबडा

लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी राहायचे तेव्हा बसल्या जागी माझा पाय सतत हलायचा. "हालवू नको गं, जमीन हालल्यावानी वाटतंय," मावशी ओरडायच्या. मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. औशाकडचं त्यांचं गाव भूकंपात भुईसपाट झालेलं, म्हणून आमच्या खोलीवर पत्रे. डोक्यावर दगड नको, स्लॅबही नको. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघायचो, पण बोलायची सोय नव्हती.

माझी रूममेट उदगीरची, शिंप्याची लेक. तिला रद्दीतल्या एका मासिकात खेळ सापडला. परदेशातले नवे चित्रकार म्हणे कागद दुमडून अजब प्राणी काढायचे. एकानं मुंडकं, दुसऱ्यानं धड, तिसऱ्यानं पाय. आधीचं कुणी बघायचं नाही. आम्हीही सुरू केलं. मुंडकं तिचं, धड माझं, पाय मावशींचे. पेन्सिल धरताना मावशी लाजायच्या, पण पाय काढायच्या ते पळतेच. "पळता आलं पायजे," एवढंच म्हणायच्या. त्यावर आम्हाला हसू यायचं नाही.

बेडकाची पचनसंस्था पाठ करताना मला त्या प्राण्यांचीच आतडी दिसायची. डॉक्टर व्हायचंच नव्हतं मला. नांदेडला चित्रकला शिकायची होती, आणि लोह्याला घरी बाबांना हे सांगायची छाती होत नव्हती. जीव नुसता आंबून गेला होता.

बाबा भेटायला आले ते नेमके खेळ रंगात असताना. कागद उलगडलेला होता: कोंबड्याचं मुंडकं, बकरीचं धड, तेही अर्धं पत्र्याचं, आणि खाली माणसाचे पळते पाय.

"हे काय? एक ना धड!" बाबा भडकले. "ह्याच्यासाठी ठिवलंय का तुला हितं?"

माझा पाय थडथड उडायला लागला. या वेळी मावशी ओरडल्या नाहीत. आज नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. मला हेच करायचंय."

वर उन्हानं पत्रा तडतडला.

मावशींनी कागद उचलून बाबांसमोर धरला. "धड नसू द्या की. पाय तर हायत न्हवं? जाऊ द्या."

'जाऊ द्या' आपण सोडून द्या म्हणून म्हणतो. बाबांनी ते शब्दशः घेतलं. माझ्या उडत्या पायाकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठं?"