उकळलेली शिशी

“गूळ खाल्ला का नाही, थे सांग मले!”

“नाही खाल्ला, बाबा.”

“मंग हे काय आभायातून पडलं?” डोमाजीने काचेची नळी सत्यशीलाच्या नाकासमोर धरली. लघवीत निळं औषध घालून तापवलं होतं. रंग विटकरी झाला होता, म्हणजे साखर भरपूर.

“घरात गूळच नाही,” चुलीपासून कांताबाई म्हणाली. “पोरगी काय भिंत चाटून राह्यली?”

“तुले काय समजते? गप राय.”

हे वाक्य डोमाजी बायकोला दिवसातून दहादा ऐकवी. दारव्ह्याच्या एका डॉक्टरकडे तो तीन वर्षं पट्टेवाला होता. काम दार उघडण्याचं आणि नावं पुकारण्याचं. तेवढ्यावर तो मोहल्ल्यात अर्धा डॉक्टर झाला. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव त्याने काढले, ते चांगलंच केलं. पण रिकाम्या कोनाड्यात त्याने जंतू बसवले. जंतूंच्या नावाने तो चमचे उकळी, कंगवा उकळी. एकदा कांताबाईची जोडवीही उकळली. स्वतःचा पंचा मात्र महिनाभर पाणी पाहत नसे.

सत्यशीला तेरा वर्षांची. उन्हाळ्यात तिला इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावलं होतं: रक्तातली साखर आपली आपण पेशीत शिरत नाही. हे औषध पेशीचं दार वाजवतं, मग आतून दार उघडतं. दार वाजलंच नाही, तर साखर बाहेर पडून राहते आणि पोरगी भरल्या घरात उपाशी मरते. डोमाजीने मध्येमध्ये ‘बरोबर, बरोबर’ म्हणून डॉक्टरांना शाबासकी दिली. कांताबाईने ऐकलं.

पहिला महिना नर्सबाई टोचून जाई. पोर सावरली. मग ‘हे तर माह्या डाव्या हाताचं काम’ म्हणत डोमाजीने सुई हाती घेतली. रोज दार लोटून, कोणाला जवळ येऊ न देता तो सगळी तयारी करी. आठ दिवसांत पोरीच्या गालांची हाडं वर आली, रोज माठ रिकामा होऊ लागला. आज सकाळपासून ती ओकत होती, म्हणून तो दार लोटायला उठला तरी कांताबाई चुलीपासून हलली नाही.

तिच्यादेखतच डोमाजीने उकळत्या पाण्यात सुई टाकली, पिचकारी टाकली आणि माठाखालच्या ओल्या वाळूतली औषधाची शिशीही टाकली.

“शिशी कायले टाकता?”

“जंतू मरतात. रोजच टाकतो.”

कांताबाईने सांडशीने शिशी उचलली. नर्सबाईच्या वेळचं औषध पाण्यासारखं नितळ होतं. यात पांढरे कण तरंगत होते.

“सत्त्व वर आलं थे,” डोमाजी म्हणाला.

कांताबाईने टोपलीतलं अंडं घेतलं आणि त्याच पाण्यात फोडलं. आतलं पातळ पाणी बघता बघता पांढरं, घट्ट झालं.

“आता याचं पिल्लू काढून दाखवा.”

डोमाजीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. “अजून दोन मिनिटं राह्यली होती,” तो म्हणाला.

कांताबाईने शिशी दाराबाहेर फेकली आणि पोरीला उठवून लुगड्यात गुंडाळलं.

“मी सत्यशीलाले घेऊन येष्टीनं यवतमाळले चालली. आजपासून सुई मी टोचीन. तुमी शिशीले हात लावायचा नाही.”