अर्धा लिटर तेल

बुधवार, १४ मे २००३. रक्कम अकराशे रुपये: गॅसचे आठशे, मजुरीचे तीनशे. जागा, वसमतला आमच्या घराची मागची खोली. हजर तिघं: मी, दुसरा फ्रिज मिस्त्री आणि दारात उभी माझी बायको. मी त्याला दुसरा म्हणतो, कारण पहिला चार दिवस आधी येऊन गेला होता आणि त्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

फ्रिज जुना घेतलेला, बायकोच्या इन्सुलिनसाठी. त्याआधी दोन वर्षं तिची बाटली गल्लीत समोर राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाकडे असायची. सकाळ-संध्याकाळ ती सिरिंज घेऊन तिकडे जायची. वहिनी दार उघडून म्हणायची, "या, दवाखाना उघडलाय." पाहुणे असले की जरा मोठ्याने. बायको हसून घ्यायची आणि घरी येऊन मुकाट्याने भाकरी थापायची. आपला फ्रिज आला त्या दिवशी तिने बाटली पदराखाली धरून आणली, दाराच्या कप्प्यात ठेवली आणि दार तीनदा उघडून पाहिलं.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये ऑइलमन. मशीनला तेल-ग्रीस देणं एवढंच काम. बेचाळीस बेअरिंगं, प्रत्येक पाळीत दोनदा. दसऱ्याला आमच्याकडे मशीनच्या आधी तेलाच्या डब्याला हळदीकुंकू लागायचं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. कोरडं बेअरिंग लगेच कळतं. सतरा वर्षांत माझ्या हातचं एकही बेअरिंग जळालं नव्हतं, आणि हे मी कुणी न विचारताही सांगायचो.

मे महिन्यात जिनिंग बंद असते. मी घरी बसून. बायकोची शिलाई मशीन, दाराची बिजागरं, सायकल, सगळ्यांना तेल देऊन झालं, तेव्हा फ्रिजची घरघर कानात भरली. पाठीमागच्या काळ्या डब्याला, म्हणजे कॉम्प्रेसरला, मी स्क्रू-ड्रायव्हर लावला. माझ्या कानाने निकाल दिला: बेअरिंग कोरडं आहे. तेल द्यायला गेलो तर भोक नाही, ग्रीसचं निपल नाही. डबा चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद.

पहिल्या मिस्त्रीचं दुकान बस स्टँडजवळ. आला, डब्यावर तळहात ठेवला, वाकून खाली पाहिलं.

"काका, कॉम्प्रेसर बराबर हाय. खालचे चार रबर बसलेत, म्हणून घरघर करून राहिला. वीस रुपयांत नवे टाकून देतो."

"आन् तेलाचं?"

"तेल आतच असतं. तळाशी तेल, त्यात दांड्याचं टोक बुडालेलं. दांडा आतून पोकळ. फिरला की तेल वर चढतं, बेअरिंगला लागतं, पुन्हा खाली येतं. जन्मभर तेच."

"संपलं मंग?"

"जाईल कुठं? सील हाय न्हवं."

"तेल न घालता बेअरिंग चालतंय, हे तू मला शिकवून राहिला?"

"तुमी जिनिंगचे राजे, काका. पण ही जिनिंग न्हाई."

त्याने येण्याचे पन्नास मागितले. मी म्हणालो, "काम काय केलंस? बोलण्याचे पैसे मी देत नसतो." त्याने पिशवी उचलली आणि गेला. बायको म्हणाली, "अहो, रबर तरी टाकू द्यायचे." मी ऐकलं नाही.

दुसरा मिस्त्री शोधून आणला. जिनिंगचं चांगलं घट्ट तेल मी स्वतः आणून ठेवलं होतं. त्याने कॉम्प्रेसरची नळी कापली. फुस्स करून गॅस गेला. तेलाचं माप पाहून तो थबकला. "इतना? चाचा, ये तेल इसका नहीं है."

"बेअरिंगला कंजूसी करायची न्हाई," मी म्हणालो.

"फ्रिज तुमचा, तेल तुमचं. नंतर मला बोलायचं न्हाई." अर्धा लिटर तेल माझ्याच हाताने आत गेलं. मग त्याने नळी जोडली, गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला. आवाज जरा जड झाला होता. मला तो समाधानाचा वाटला.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "बाटली गार लागत न्हाई."

"लाईट कमी आहे."

आठव्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, "समोर नेऊन ठेवू का चार दिवस?"

"आपला फ्रिज असताना? काहून?"

तिने बाटली पुन्हा दाराच्या कप्प्यात ठेवली. बाहेर रस्त्यावर डांबर पाघळत होतं आणि मी फ्रिजच्या दारात हात घालून स्वतःला सांगत होतो की गार आहे. सोमवारी, २६ तारखेला, ती नळावर चक्कर येऊन पडली. त्याच दुपारी कॉम्प्रेसरही बंद पडला. साखर किती निघाली तो आकडा मी लिहून ठेवला आहे, इथे देत नाही. नांदेडला आठ दिवस दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, बाटली कुठे ठेवत होता? मी म्हणालो, फ्रिजमध्ये. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

घरी आल्यावर नवी बाटली घेऊन ती सरळ समोर गेली. वहिनी एवढंच म्हणाली, "जागा ठेवलीच होती मी."

जूनमध्ये कॉम्प्रेसर भंगारवाल्याकडे नेला आणि त्याला डबा कापायला लावला. मला आत बघायचंच होतं. पहिल्या मिस्त्रीने सांगितलं होतं तसाच पोकळ दांडा, त्याला तेलाच्या बारीक वाटा. दांड्यावर नखाला लागेल एवढाही ओरखडा नव्हता. बेअरिंगं लखलखीत. माझं घट्ट तेल घुसळता घुसळता मोटारीची वाइंडिंग जळून काळी झाली होती. माझ्या हातचं बेअरिंग याही वेळी जळालं नव्हतं.

तिथून बस स्टँडवर गेलो. पहिला मिस्त्री दुकानात होता. मी पन्नासची नोट पुढे केली.

"कशाचे, काका?"

"त्या दिवशीचे."

"तवा तर बोलण्याचे देत नव्हते." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "काकू कशा हायेत?"

"बरी आहे. समोर जाते सुई घ्यायला."

त्याने नोट खिशात घातली. फ्रिज पुन्हा घेतला नाही. बायको नको म्हणाली, आणि मला विचारायचं तोंड राहिलं नव्हतं. शेवटी दिलेली रक्कम: पन्नास रुपये, पहिल्या मिस्त्रीला, बोलण्याचे.