लेकीच्या हॉटेलातले फुणके

धुळ्याच्या अलीकडे हायवेला माझ्या लेकीचं बिअरचं हॉटेल आहे. गावात कोणी विचारलं तर मी पूर्वी नुसतं "हॉटेल आहे" म्हणायचो. आता बिअरसकट सांगतो. बाटल्या बाहेरून येत नाहीत. लेक स्वतः तिथं टाकीत बिअर तयार करते, आणि नळ फिरवला की गिऱ्हाइकाच्या ग्लासात ताजी येते. नशिराबादेत कोणाच्या लेकीला हे जमतं का, ते मला दाखवा.

मी चौथीपर्यंत शिकलो. जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग केल्या. माझी बायको पारोळ्याची. मागच्या थंडीत ती गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. लोक म्हणाले, हाल झाले नाहीत, सुटली. लोकांना काय, बोलायला काहीतरी लागतं.

आता रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लेकीला लेकरू होत नाही तोवर आईबापाने तिच्या घरी जेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. जुनी माणसं पाणीसुद्धा प्यायची नाहीत. लेकीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, लेकरू झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले. मग त्या दोघांनी तो विषय बंद केला. मी मात्र रीत बंद केली नाही. चौदा वर्षं आम्ही लेकीकडे गेलो की पिशवीत घरची पाण्याची बाटली, घरची भाकरी. लेक ताट वाढून आणायची, मी हात जोडायचो. बायको माझ्या शेजारी गप बसायची.

हॉटेल सुरू झालं तो दिवस मला फार छळतो. ऐन वैशाख. मी नारळ फोडला, दोघांना आशीर्वाद दिला. लेक कैरीच्या पन्ह्याचे दोन ग्लास घेऊन आली. बायकोने हात पुढे केला होता. मी म्हटलं, "राहू दे बाई, आमचं आहे पाणी." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच हाताने पदर सारखा केला. 

ती गेल्यावर तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. भाकरी खायला बसलो की दिसायचा. लेकीच्या हातचा घास न खाता बाई गेली, आणि ते माझ्यामुळे. एवढंच माझ्या डोक्यात.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली. सगळ्या लेकी माहेरी येतात तशी आली, पण आईशिवाय माहेर कसलं. दोन दिवस तिने घर झाडलं, डबे घासले. जाताना म्हणाली, "आबा, गाडीत बसा. चार दिवस चला."

शेजारचा नाना ओट्यावरच बसला होता. तो कसला सोडतोय! म्हणाला, "जा भाऊ, जा. म्हातारपणी लेकीच्या गुत्त्यावर बस."

मी म्हटलं, "नाना, तुझा पोरगा गुत्त्यावर बसतो. माझ्या लेकीचा कारखाना आहे."

बोललो खरा, पण गाडीत बसताना घरची बाटली आणि भाकरी पिशवीत घेतलीच. रीतीचं आता मला फारसं काही राहिलं नव्हतं. पण जे मी बायकोला खाऊ दिलं नाही ते मी कोणत्या तोंडाने खाऊ? ठरवून गेलो होतो, पाहायचं सगळं, खायचं काही नाही.

जावयाच्या बापाचा तिथं ढाबा होता, तोच वाढवला आहे. जावई स्वयंपाकघरात, त्याची बहीण गल्ल्यावर, लेक टाक्यांवर. घरचीच माणसं. दुपारची वेळ होती, तरी चार-पाच टेबलं भरलेली. काचेच्या पलीकडे स्टीलच्या सहा टाक्या, माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या. लेक मला आत घेऊन गेली. मोड आणून वाळवलेले जव दाखवले, ते दळून गरम पाण्यात शिजवतात. कडू वाळकी फुलं दाखवली, नखाने चोळून वास दिला. ती सांगत होती आणि मी टाक्यांचे वेल्डिंगचे जोड पाहत होतो. सवय आहे.

"बाहेरून काय पाहता आबा?" ती म्हणाली. "बाहेरून कोणीही चकचकीत करतो. तुमचंच वाक्य आहे ना?"

तिने एका रिकाम्या टाकीचं झाकण उघडलं आणि बॅटरी माझ्या हातात दिली. मी आत डोकं घातलं. जोडावरून बोट फिरवलं. जोड कुठं आहे तेच बोटाला कळेना. इतका सपाट जोड मी आयुष्यात मारला नाही, खोटं कशाला सांगू. लेक म्हणाली, पहिल्यांदा टाकी आली तेव्हा आतला जोड खडबडीत होता. तिथं घाण धरते आणि बिअर नासते. टाकीवाला म्हणायचा, मॅडम, चालतं. हिने टाकी परत पाठवली. म्हणाली, "माझा बाप वेल्डर आहे, मला चालतं-बिलतं सांगू नका."

मी डोकं टाकीतच ठेवलं थोडा वेळ. बाहेर काढण्यासारखं तोंड नव्हतं.

मग आम्ही टेबलावर बसलो. जावई एकेक बशी आणून ठेवू लागला. बिबड्याचे, म्हणजे ज्वारीच्या पापडाचे, मोठे तुकडे, त्यावर थंड भरीत आणि कच्चा कांदा. कच्च्या केळ्याचे काप, सोबत शेवभाजीचा नुसता तर्रीचा रस्सा, बुडवून खायला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे कडक त्रिकोण. आपण घरी खातो तेच, पण बशीत असं मांडलेलं की धुळ्याची पोरं फोटो काढत होती. शेवटी फुणके आले. दाळ भरड वाटून, मुठीत दाबून, वाफवून करतात ते. आपल्याकडे कढीबरोबर खातात. इथं त्याच्या चकत्या करून तव्यावर लाल केल्या होत्या आणि कढी छोट्या वाटीत.

मी पिशवीतून बाटली काढली.

लेकीने मान खाली घातली. जावई टेबलाजवळ उभाच होता. तो गरीब गाय आहे, माझ्यापुढे चौदा वर्षांत मोठ्याने बोलला नाही. पण त्या दिवशी बोलला.

"आबा, आई खायच्या."

"काय?"

"आई इथं खायच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून घरी खायच्या, मग हॉटेलात. हे फुणके त्यांचेच आहेत."

लेक त्याच्यावर ओरडली, "तुम्हाला शपथ घातली होती ना तिने?"

"घातली होती. पण आता ती पाळून कोणाचं पोट भरणार आहे?"

मला आधी राग आला. मी म्हटलं, ती इथं येईल कशी? ती पारोळ्याला भावाकडे जायची तेवढीच घर सोडायची. आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं. पारोळा आणि धुळं एकाच रस्त्यावर.

लेक हसायला लागली आणि रडायलाही लागली. म्हणाली, "पारोळ्याला उतरायची, मामाला तोंड दाखवायची आणि पुढची बस धरायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर तर दर महिन्याला. मामा सामील होता, आबा."

म्हणजे तिचा भाऊ, जो प्रत्येक लग्नात माझ्या मांडीला मांडी लावून बसतो, तोही!

मग मला सगळं ऐकायचंच होतं. लेकीने सांगितलं. आई आली की बाहेर बसायची नाही, कोणी नशिराबादचा पाहील म्हणून. स्वयंपाकघरात दाळीच्या पोत्यावर बसायची. पहिल्यांदा बिअरचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "हाई तं कडू ताक शे." दुसरा घोट घेतला नाही, पण दर वेळी वास घेऊन कोणती टाकी चांगली ते सांगायची. बिअर काढल्यावर जवाचा चोथा उरतो. तो हे लोक म्हशीवाल्याला देत. तिने मूठभर तोंडात टाकला, चावून पाहिला आणि जावयाला झापलं. इतकं चांगलं धान्य म्हशीला घालता? तो चोथा तिने दाळीत मिसळला, मुठीने दाबला, वाफवला. मिक्सरमध्ये दाळ बारीक केली म्हणून दोनदा फेकून द्यायला लावली. तिसऱ्यांदा खाऊन म्हणाली, "आते बठ्ठं बरोबर शे," म्हणजे आता सगळं जमलं.

"आणि जाताना?" मी विचारलं.

"जाताना एकच. 'त्यासले सांगू नका.' म्हणजे तुम्हाला."

 पंचेचाळीस वर्षं संसार केला, या बाईने मला फसवलं, आणि माझी छाती फुगली. मला वाटायचं तिने हात मागे घेतला. तिने माझ्यापुरता मागे घेतला होता. खाल्लं तर होतंच, वर लेकीला धंद्यातला माल शिकवून गेली.

मी फुणका उचलला. बाहेरून कडक, आतून मऊ, आणि जवाचा एक गोडसर कण दाताखाली येतो. लसूण भरपूर. एक खाल्ला, मग बशी ओढून घेतली. लेकीने ग्लासात थोडी बिअर ओतली. कडूच आहे, बायको खरं बोलली होती. पण तरुणपणी मी देशी प्यायलो आहे, त्यापुढे हे सोनं. मग मी पाणी मागितलं. लेकीने स्वतःच्याच भांड्यातून आणलं. प्यायलो.

"तुझ्या आईला पोत्यावर नका बसवत जाऊ," मी म्हटलं. "बाहेर बसवा, पंख्याखाली."

बोलून गेल्यावर कळलं. लेक म्हणाली, "बरं आबा."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची एक बाई नवऱ्याला सोडून आमच्याकडे वळली. साक्रीकडची मास्तरीण होती, बोलण्यावरून. म्हणाली, "ताई, हे फुणके तुमच्याकडे वेगळेच लागतात. काय घालता?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास बाजूला केला आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या बायकोने शोधलंय. दाळ भरड वाटायची, मिक्सर फार फिरवायचा नाही. बिअरच्या जवाचा चोथा घालायचा. मुठीने दाबून वाफवायचं."

लेक मागून म्हणाली, "आबा, मिरची-लसूण राहिलं."

मी म्हटलं, "ते काय, कोणीही घालतं."