आष्टीच्या बाजारातले सर

बिझनेस शिकणारी कॉलेजची पोरं घेऊन हे सर दरसाल आमच्या आष्टीच्या बाजारात विक्री शिकवायला येतात. हळू बोलतात, अन् वाक्यामागं "बराबर?" लावतात. औंदा एक पोरगी समद्यांच्या मागं लपत होती. वर्गात तिचा आवाजच फुटत न्हाई म्हणे.

मी बोरं विकत बसलो होतो, तिथं येऊन सरांनी मला विचारलं, "काका, ही बाजूची मोकळी जागा कुणाची?"

"बायकोची. बोरं विकायची. उन्हाळ्यात मेली. तिथं कुणी बसायचं न्हाई."

सरांनी चपला काढल्या, त्या जागेला हात लावून नमस्कार केला. मंग मीच पोरीला तिथं बसवलं अन् माझी बोराची पाटी तिच्यापुढं सरकवली.

"सर, मला रडू येतंय."

"मोठ्यानं रड, गिऱ्हाईक जमंल. बराबर?"

पोरगी हसली अन् ओरडली, "या मावशी, गोड बोरं!"

दुपारी पाटी रिकामी झाली. सर भर बाजारात नाचले. मीबी नाचलो.